विंडोज ११ बसवताय? आधी हात कुठं जातो ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कराडातल्या माझ्या गिऱ्हाइकांची (सीएंची ऑफिसं, पतसंस्था, खताची दुकानं) मशिनं ११ वर न्यायची रांग लागली. "आमचं जुनंच बरं होतं!" हे प्रत्येक टेबलावर ऐकायचं. वाद घालू नका. गोल कोपरे न् नव्या रंगांचं त्यांना काही पडलेलं नसतं. वर्षानुवर्षं न बघता माऊस जिथं जायचा, तिथं आता भलतंच काहीतरी असतं. राग त्याचा.

सुरू करण्याआधी जुन्या डेस्कटॉपचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर आयकॉन त्याच जागी, वॉलपेपर तोच. देवाचा असेल तर नक्कीच तोच.

मग टास्कबारच्या, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीच्या, मोकळ्या जागेवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, 'टास्कबार बिहेवियर्स', अलाइनमेंट 'लेफ्ट'. स्टार्ट बटण डावीकडं आलं की निम्मी कुरकुर थांबते. या बटणाचा धडा मायक्रोसॉफ्टला आधीच मिळाला होता: २०१२ च्या विंडोज ८ मधून ते काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये परत आणावं लागलं. तिथंच 'कंबाइन टास्कबार बटन्स' पुढं 'नेव्हर' निवडा. एक्सेलच्या ढीगभर फायली उघड्या ठेवणाऱ्यांना प्रत्येकीचं नाव खाली दिसतं. ही सोय ११ मध्ये आधी नव्हतीच, २०२३ मध्ये आली.

खरं दुखणं राइट क्लिकचं. नव्या मेनूत कट-कॉपीची नुसती चित्रं आली (नंतरच्या एका अपडेटात त्यांना नावं मिळाली), आणि बरेच जुने पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत गेले. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो. हे तोंडी सांगून उपयोग नाही, त्यांच्याच फायलीवर त्यांनाच करायला लावा. फायलीचं नाव बदलायला एफ२.

फाइल एक्सप्लोररमधल्या, म्हणजे फोल्डर उघडल्यावर दिसणाऱ्या, ओळी फार सुट्या वाटल्या तर व्ह्यूमध्ये 'कॉम्पॅक्ट व्ह्यू'.

११ ला जुना चेहरा लावून देणारी बाहेरची सॉफ्टवेअरं मी बसवत नाही. मोठ्या अपडेटनंतर ती बिघडली की फोन मलाच येणार, तोही नेमका रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला.