गणिताची पदवी: आधी जुन्या प्रश्नपत्रिका पाहा

गणितात पदवी करायची तर विद्यापीठाचं नाव आणि रँकिंग थोडा वेळ बाजूला ठेवा. रँकिंगमध्ये बराचसा भाव संशोधनाला असतो; पहिल्या वर्षाचा वर्ग कोण आणि कसा घेतं, हे त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या 'रिअल अ‍ॅनालिसिस'च्या (कॅल्क्युलसमागची कारणं काटेकोरपणे सिद्ध करणारा विषय) दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. समजलं नाही तरी चालेल, फक्त प्रश्नांची भाषा बघा. सगळीकडे 'प्रमेय लिहा व सिद्ध करा' असेल, तर पाठांतरावर निभावतं असं समजा. 'प्रत्येक सीमाबद्ध क्रमिका अभिसारी असते का? नसल्यास उदाहरण द्या' असे प्रश्न दिसले, तर तिथे डोकं चालवायला लावतात. (उत्तर सोपं आहे: १, -१, १, -१… ही क्रमिका, म्हणजे संख्यांची रांग, ठरावीक हद्दीत राहते (सीमाबद्ध), पण कुठल्याच एका संख्येपाशी स्थिरावत नाही (म्हणून अभिसारी नाही).)

मग तिसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय. माहितीपुस्तिकेत टोपॉलॉजी, नंबर थिअरी, ग्राफ थिअरी अशी लांबलचक यादी असते. गेल्या दोन वर्षांत त्यातले प्रत्यक्षात किती शिकवले, ते तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. ऑफिसात विचारलंत तर पुन्हा तीच पुस्तिका हातात पडेल.

ट्युटोरियलला एका गटात किती जण असतात आणि लिहिलेल्या सिद्धता कोणी तपासून, शेरे मारून परत देतं का, हेही विचारा. सिद्धता लिहायला माणूस त्या लाल शेऱ्यांतूनच शिकतो. संख्याशास्त्र किंवा प्रोग्रॅमिंग जोडीला घेता येत असेल तर उत्तमच.