पिल्लू आणताना आधी आई पाहा: कुत्र्यांच्या कारखान्यांना पैसा न पुरवता पिल्लू कसे निवडावे

जातिवंत पिल्लू विकत घेणाऱ्याला सहसा फक्त पिल्लूच दाखवले जाते. त्याची आई एखाद्या पिंजऱ्यात किंवा भाड्याच्या बंद खोलीत असते आणि ती ग्राहकाच्या नजरेस न पडण्यावरच हा धंदा चालतो. मादी साधारणतः सहा महिन्यांनी माजावर येते व गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असतो; त्यामुळे तिला विश्रांतीसाठी दिलेला प्रत्येक माज विक्रेत्याच्या हिशेबात तोटा ठरतो.

सर्वप्रथम विशिष्ट जातीचा आग्रह खरोखर आवश्यक आहे का, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग जातीच्या कुत्र्यांना आलेली मागणी अनेकांना आठवत असेल. मात्र चपट्या नाकामुळे त्या जातीला श्वासाचा त्रास होतो, हे जाहिरातीत दिसत नव्हते. नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा हस्की पाळण्याची हौस तर समजण्यापलीकडची आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यातून देशी किंवा सोडून दिलेले जातिवंत कुत्रे दत्तक घेतल्यास पुढील बराचसा खटाटोप वाचतो.

विकतच घ्यायचे असल्यास ब्रीडरकडे, म्हणजे पैदास करणाऱ्याकडे, राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत केंद्र सरकारने 2017 मध्ये केलेल्या नियमांनुसार ही नोंदणी बंधनकारक आहे. केनेल क्लबचा, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, कागद पुढे करून कोणी विषय टाळू लागल्यास लक्षात ठेवावे की त्या कागदावरून वंशावळ कळते, मादीला कसे ठेवले आहे ते कळत नाही.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: पिल्ले जिथे जन्मली तिथेच जाऊन ती आईसोबत पाहावीत. ‘आई गावी आहे’, ‘पिल्लू स्टेशनवर आणून देतो’, ‘आत संसर्गाची भीती आहे’ अशी उत्तरे मिळाल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. कधी कधी भलतीच मादी आई म्हणून उभी केली जाते. परंतु पिल्ले पाजणाऱ्या मादीचे सड भरलेले असतात आणि पिल्ले तिच्याकडे आपणहून झेपावतात. तिच्या अंगावरचे केस, कोपरांवरचे घट्टे, वाढलेली नखे आणि माणूस जवळ येताच तिचे वागणे नीट निरखावे. तिचे वय आणि आतापर्यंतची वेते (बाळंतपणे) विचारावीत. नियमांनुसार दीड वर्षाखालील किंवा आठ वर्षांवरील मादीपासून पैदास करता येत नाही, वर्षातून एकाहून अधिक वेळा ती वितवता येत नाही आणि आयुष्यभरात पाचाहून अधिक वेते घेता येत नाहीत. नोंदवही मागताच विक्रेता चिडला, तर तेही एक उत्तरच समजावे.

आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. ते आई-भावंडांपासून लवकर तोडले, तर चावा किती जोरात घ्यावा यासारख्या गोष्टी शिकायच्या राहून जातात. वय दातांवरून पशुवैद्याला अजमावता येते. म्हणून पूर्ण रक्कम देण्याआधी तपासणी करून घ्यावी, मायक्रोचिप (ओळखीसाठी त्वचेखाली बसवलेली चिप) आहे का ते पाहावे, लसीकरणाची नोंद व पावती ताब्यात घ्यावी. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणे संसर्गानंतर काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे विक्रीच्या दिवशी टवटवीत दिसणारे पिल्लू आठवड्याभरात उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी मरणपंथाला लागू शकते.

मरतुकडे पिल्लू पाहून ‘निदान याला तरी सोडवू’ असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पैसे मोजून केलेली ही सुटका विक्रेत्याच्या दृष्टीने नेहमीची विक्रीच असते आणि रिकाम्या पिंजऱ्यात पुढचे वेत येते. त्याऐवजी पत्ता, तारीख, जाहिरात आणि संभाषण जपून ठेवून पोलीस ठाणे, जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि राज्य मंडळ यांच्याकडे लेखी तक्रार करावी. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी 10 ते 50 रुपये एवढाच दंड आहे, म्हणून केवळ क्रूरतेच्या कलमावर विसंबू नये. नोंदणी नसणे, कोवळी पिल्ले विकणे आणि नोंदी न ठेवणे हे मुद्दे तक्रारीत स्वतंत्रपणे लिहावेत व पोच घ्यावी.