बॅकस्ट्रोकच्या शर्यतीसाठी मुलीला तयार करताना: झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचे पाच मीटर

पोहण्याच्या बाकीच्या तिन्ही प्रकारांत भिंत समोरून येते. बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहताना, ती डोक्यामागून येते. पुण्यात मुलींना पोहायला शिकवताना माझे असे ठाम मत झाले आहे की, या शर्यतीत हातापायांच्या ताकदीवर जितकी मेहनत घेतली जाते, तितकीच न दिसणाऱ्या भिंतीवर विश्वास ठेवायला शिकवण्यावर घ्यायला हवी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकिओनने ५७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, आणि दुसऱ्या आलेल्या अमेरिकेच्या रीगन स्मिथला ५७.६६ सेकंद लागले. भिंत कुठे आहे हे पाहण्यासाठी एकदा मान वळवली, तरी एवढा वेळ सहज निघून जातो.

मी शिकवत असलेल्या एका मुलीचे असेच झाले. शंभर मीटरमध्ये शेवटचे पंधरा मीटर उरेपर्यंत ती पुढे होती. झेंड्यांखाली येताच तिने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, त्याबरोबर कंबर खाली गेली, पाय बसले आणि पुढचे दोन हात नुसतेच पाण्यावर आपटले. ती तिसरी आली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, भिंत आली की नाही तेच कळेना." चूक तिची नव्हती, मी तिला ताज्या दमातला आकडा मोजायला शिकवले होते, दमल्यावरचा नाही.

हा आकडा म्हणजे काय ते आधी सांगते. नियमानुसार टँकच्या दोन्ही टोकांना, भिंतीपासून ५ मीटरवर आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून १.८ मीटर उंचीवर झेंड्यांची माळ बांधलेली असते. ती माळ डोळ्यांवरून गेल्यानंतर जो हात पाण्यात पडतो तो 'एक', आणि तिथून भिंतीला हात लागेपर्यंत जितके स्ट्रोक होतात तो त्या मुलीचा आकडा. उंची, हातांची लांबी आणि वेग यांप्रमाणे तो प्रत्येकीचा वेगळा असतो, म्हणून मैत्रिणीचा आकडा उसना घेऊ नये. तुमच्या टँकवर झेंडे नसतील, तर तिथल्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन नायलॉनच्या दोरीला रंगीत कापडाचे त्रिकोण शिवून माळ बांधावी. मात्र अंतर टेपनेच मोजावे, कारण अंदाजाने बांधलेली माळ अर्ध्या मीटरने जरी चुकली, तरी मुलीच्या अंगवळणी चुकीचाच आकडा पडतो.

पहिल्या दिवशी तिला अगदी सावकाश पोहायला लावावे आणि भिंतीपाशी कोणीतरी किकबोर्ड आडवा धरून उभे राहावे, म्हणजे डोके आपटलेच तर फोमवर आपटेल. ही भीती खरी असते. ती हसण्यावारी नेऊ नये. आठ-दहा वेळा तोच आकडा आला की वेग वाढवावा आणि शर्यतीच्या वेगातला आकडा वेगळा लिहून ठेवावा. त्यानंतरची पायरी मी पूर्वी गाळत असे, ती आता कधीच गाळत नाही: पन्नास-पन्नास मीटरच्या चार-सहा जोरकस फेऱ्या झाल्यावर, दम लागलेला असताना, पुन्हा मोजायचे. दमल्यावर स्ट्रोक आखूड होतो आणि आकडा बहुधा एकाने वाढतो. मुलीला दोन्ही आकडे पाठ हवेत.

टर्नसाठी, म्हणजे भिंतीपाशी वळून परत फिरण्यासाठी, यातला एक स्ट्रोक वजा होतो. जिचा हात पाचव्या स्ट्रोकला भिंतीला लागतो, ती तीन मोजून चौथ्या हाताबरोबर पोटावर वळते, पाणी ओढते आणि लगेच कोलांटी घेते. नियम इथे कडक आहे: पोटावर वळल्यानंतर एका हाताची किंवा दोन्ही हातांची मिळून एकच सलग ओढ घेता येते आणि तिच्यातूनच टर्न सुरू व्हावा लागतो. लवकर वळलेली मुलगी भिंतीपर्यंत पोहोचावे म्हणून तरंगत राहिली किंवा नुसते पाय मारत गेली, तर तिला बाद केले जाते. भिंत सोडताना शरीर पुन्हा पाठीवर असलेच पाहिजे. त्यामुळे आकडा चुकला की वेळ तर जातोच, कधी कधी शर्यतही जाते.

भिंत सोडल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली किक) मारत १५ मीटरपर्यंत जाता येते, आणि त्या खुणेपर्यंत डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे. पाठीवर असताना नाकात पाणी जाते, म्हणून किक मारताना नाकातून सतत बारीक श्वास सोडायला शिकवावे. तरीही त्रास होणाऱ्या मुलींनी नोज क्लिप लावायला काहीच हरकत नाही. किती अंतर पाण्याखाली राहायचे हे मात्र तिच्या किकच्या वेगावर ठरवावे. मोठ्या खेळाडूंचे पाहून बारा वर्षांच्या मुलीने चौदा मीटर पाण्याखाली काढले आणि वर आल्यावर तिला धाप लागली, तर त्यात फायदा काहीच नाही.

पुण्यात आणखी एक अडचण येते. आपले पुष्कळ टँक उघडे आहेत, त्यामुळे वर सरळ रेषेसाठी धरायला छत नसते आणि सकाळचे ऊन थेट डोळ्यांत येते. उन्हासाठी आरशासारख्या काचेचा गॉगल घ्यावा. दिशेसाठी ढगाकडे पाहू नये, कारण तो सरकतो आणि त्याच्याबरोबर मुलगीही सरकते. नजर सरळ वर ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून लेनची दोरी पाहावी. स्पर्धेच्या दोरीवर दोन्ही टोकांच्या शेवटच्या ५ मीटरचा रंग वेगळा असतो आणि १५ मीटरवरही खूण असते, हे मुलीला आधी काठावर उभे राहून दाखवावे. रोज २५ मीटरच्या टँकमध्ये सराव करणाऱ्या मुलीने महाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या ५० मीटरच्या तलावात निदान काही दिवस आधी पोहावे, कारण २५ मीटरमध्ये शंभराच्या शर्यतीत तीन टर्न मिळतात, तिथे एकच मिळतो, आणि मधले अंतर संपता संपत नाही. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांतले पोहणे याच संकुलात झाले होते, हे मी मुलींना आवर्जून सांगते. अहमदाबादच्या माना पटेलने टोकियो ऑलिंपिकमध्ये याच १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये १ मिनिट ५.२० सेकंद वेळ दिली होती, हेही सांगते, कारण हा प्रकार आपल्याकडच्या मुलींचाही आहे हे त्यांना कळायला हवे.

स्टार्टबद्दल थोडक्यात. पंचांच्या पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचे, दुसऱ्या लांब शिट्टीला न रेंगाळता स्टार्टिंग ब्लॉकचे हँडल धरायचे, आणि सूचना मिळाल्यावर अंग वर ओढून स्तब्ध राहायचे. मोठ्या स्पर्धांत पाय घसरू नयेत म्हणून भिंतीला तिरकी पट्टी लावतात. तिच्यावर पाय टेकवताना प्रत्येक पायाचे निदान एक बोट भिंतीला लागलेले असावे लागते. अशी पट्टी आपल्या रोजच्या टँकवर सहसा नसते, म्हणून भिंतीच्या गुळगुळीत फरशीला पाय टेकून उडी मारण्याचा सराव असू द्यावा.

पाळीच्या दिवसांत शर्यत आली, तर निर्णय मुलीने घ्यावा. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून पोहता येते. ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा न वापरता आधी सरावात वापरून पाहावे, आणि याबद्दल घरी मोकळेपणाने बोलावे. या एका गोष्टीवर कोणीच न बोलल्यामुळे चांगल्या पोहणाऱ्या मुली टँकवर यायच्या बंद झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

स्पर्धेच्या सकाळी वॉर्म-अपमध्ये दोन्ही टोकांना शर्यतीच्या वेगाने झेंड्यांखालून जाऊन आकडा पडताळावा. तो जुळला नाही, तर माळ चुकीच्या अंतरावर असू शकते. अशा वेळी कोचने शर्यतीपूर्वीच पंचांना नम्रपणे सांगावे. शेवटच्या स्ट्रोकला डोके मागे ढकलावे, हात सरळ ठेवावा आणि बोटे पाण्याच्या किंचित खाली, भिंतीवरच्या वेळ नोंदवणाऱ्या पॅडवर जाऊ द्यावीत. आणि मुलगी पाण्याबाहेर आली की वेळ विचारण्याआधी तिला विचारावे, "झेंड्यांनंतर किती झाले?"