प्रायोजक शाळा शोधताना झालेली चूक आणि तिची दुरुस्ती

बी.एड. आणि नऊ वर्षे गणिताचे अध्यापन एवढ्या शिदोरीवर मी इंग्लंडमधील शाळांना अर्ज करीत होतो, तेव्हा एका मध्यस्थाने एका शाळेच्या ‘प्रायोजकत्व पत्रा’साठी, म्हणजे कामाच्या व्हिसाकरिता नोकरी देणाऱ्या संस्थेकडून लागणाऱ्या दाखल्यासाठी, आगाऊ रक्कम मागितली आणि मी निम्मी भरूनही बसलो.

उरलेली रक्कम देण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील परवानाधारक प्रायोजकांची, म्हणजे परदेशी कर्मचारी नेमण्याची परवानगी असलेल्या संस्थांची यादी उघडली. त्यात त्या शाळेचे नाव नव्हते. परंतु तेवढ्यावरून शाळा बनावट ठरत नाही, कारण तेथे परवाना पुष्कळदा शाळेऐवजी ती चालवणाऱ्या ट्रस्टच्या किंवा स्थानिक कौन्सिलच्या नावावर असतो. शाळेच्या संकेतस्थळावरील पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ट्रस्टचे नाव शोधले, तेही यादीत नव्हते. तेथेच व्यवहार थांबवला; भरलेले पैसे अर्थातच बुडाले.

पुढे भारतातील गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना २०२३ पासून खुल्या झालेल्या शिक्षक-पात्रतेच्या मान्यतेसाठी स्वतःच अर्ज केला, ज्याला शुल्क नाही. नंतर तेथील ‘टीचिंग व्हेकन्सीज’ या शिक्षकांच्या नोकऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावर व्हिसा प्रायोजकत्वाची चाळणी लावून थेट अर्ज पाठवले. तिसऱ्या मुलाखतीनंतर व्हिसासाठी लागणारा प्रायोजकत्वाचा क्रमांक मिळाला, तोही ट्रस्टच्याच नावाने.