हायस्पीड रेल्वेचा लाभ-खर्च मांडताना या चुका टाळा

लाभ-खर्च गुणोत्तर (एकूण लाभ भागिले एकूण खर्च) घसघशीत आलं, तर आधी पाहा: तुलना कशाशी केली आहे? अनेकदा नव्या मार्गासमोर 'काहीच न करणं' एवढाच पर्याय ठेवलेला असतो. समजा, 300 किमीचा प्रवास आज 3 तासांचा आहे आणि नवी गाडी तो 80 मिनिटांत करेल. बचत 100 मिनिटं. पण सिग्नल बदलून, वळणं सरळ करून जुन्याच मार्गावर सरासरी वेग ताशी 150 किमी झाला, तर प्रवास 2 तासांचा होतो. म्हणजे नव्या मार्गाचं खरं श्रेय 40 मिनिटांचंच. स्वस्तात जमीन मिळते म्हणून स्टेशनं गावाबाहेर नेली आणि दोन्ही टोकांना 20-20 मिनिटं वाढली, की तीही संपली! वेळ घरापासून मुक्कामापर्यंत मोजा.

दुसरी चूक नव्या प्रवाशांची. आधीपासून रेल्वेने जाणाऱ्याला पूर्ण बचत धरा. प्रवास स्वस्त, झटपट झाला म्हणून नव्याने आलेल्याला सरासरी निम्मीच. कारण यातले काही जण थोड्या बचतीवरच आले असते, तर काहींना बचतीच्या अगदी शेवटच्या मिनिटाने वळवलं.

स्टेशनजवळच्या जमिनींचे वाढलेले भाव वेगळा लाभ म्हणून जोडू नका. ते भाव वाचलेल्या वेळेमुळेच वाढतात. तोच पैसा दोनदा मोजला जातो. बांधकामावरची मजुरीही रोजगाराचा लाभ म्हणून नव्हे, खर्चाच्याच रकान्यात.

वटाव दर, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा वार्षिक दर, एकच धरून थांबू नका. 30 वर्षांनंतरच्या 100 रुपयांची आजची किंमत 3.5 टक्क्यांनी सुमारे 36 रुपये, 8 टक्क्यांनी जेमतेम 10. खर्च आधी, लाभ पुढे, त्यामुळे सगळा निकाल इथे उलटू शकतो.

शेवटी अंदाजांचा भाबडेपणा. मोठ्या प्रकल्पांचे डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूब्यर्ग यांच्या अभ्यासांत रेल्वे प्रकल्पांचा खर्च सरासरी 45 टक्क्यांनी वाढलेला आणि प्रवासी अंदाजाच्या निम्मेच आढळले. हेच आकडे घालून गणित पुन्हा करा. दोन्हींत जास्त जपायचं ते प्रवासीसंख्येला: 1964 चा तोक्यो-ओसाका शिनकान्सेन (जपानचा बुलेट ट्रेन मार्ग) मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट खर्चात झाला, तरी गाड्या भरून वाहिल्या म्हणून तो तरला.