पिकअपचा सायलेन्सर बदलताना

रावेरहून केळी भरून कन्नड घाट चढताना आमची जुनी पिकअप भडभड वाजायला लागली. वाकून पाहिलं, तर सायलेन्सरचा डबा शिवणीवर सडून फुटलेला. जळगावात दुकानदार जाड पाइपाचा, दणकेबाज आवाजाचा नग गळ्यात मारत होता. टर्बो डिझेलला मोकळा पाइप मानवतो हे खरं, पण आवाज म्हणजे ताकद नव्हे; वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दंड. मी मूळ मापाचाच, ४०९ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला. ३०४ ग्रेड गंजाला आणखी चिवट, पण महाग. (चुंबक लावून बघा: ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाहीच.) गॅस्केट (जोडातून धूर गळू न देणारी चकती) आणि पाइप टांगायचे रबरी हँगरही नवेच टाकले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडावर बोट फिरवलं, काजळी कुठेच नाही, म्हणजे गळती नाही. तुमची गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) डिझेल असेल, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, कुणालाही काढू देऊ नका.