उभ्या माणसाची गाडी : शहर बसचे चालक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मी १९९१ साली मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये चालक म्हणून रुजू झालो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. माझे वडील, ज्यांना घरी आणि डेपोतही सगळे अण्णाच म्हणत, ते १९६६ मध्ये, म्हणजे मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावून थांबली त्यानंतर दोन वर्षांनी, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाहून येऊन याच कामाला लागले आणि १९९८ पर्यंत गाडीवर होते. आता माझा पुतण्या एका कंत्राटदाराकडे शहर बस चालवतो. आमच्या घरात या कामाची अशी तिसरी पिढी चालू असल्यामुळे ओळखीची मुले परवान्यापासून पगारापर्यंतचे प्रश्न घेऊन येतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगतो, ते येथे सलग लिहीत आहे.

मी चालक व्हायचे मनात आणले तेव्हा अण्णांनी मला आधी महिनाभर बसमधून उभ्याने प्रवास करायला लावले. लालबागहून बस पकडायची, सीट रिकामी असली तरी बसायचे नाही, दांडी एकाच हाताने धरायची आणि रात्री जेवताना कोणत्या ठिकाणी आपला तोल गेला ते सांगायचे, असा नेम होता. मी सांगितले की ते पाटावर बसल्याबसल्या त्या ठिकाणचा रस्ता डोळ्यांसमोर आणत आणि तिथे चालकाने काय केले असेल ते उलगडून सांगत : सिग्नल लांबून दिसत असूनही पाय उशिरा हलवला, किंवा वळण संपायच्या आत गाडी वेगात सोडली. “उभ्या माणसाची गाडी चालवायची, बसलेल्याचं आपोआप होतं,” हे त्यांचे वाक्य मी त्या महिन्यात कितीदा ऐकले याची गणती नाही. पुढे तेहतीस वर्षे मी जे काही शिकलो ते या एका वाक्याच्या पोटातच बसते असे मला मनापासून वाटते. म्हणून या कामात येणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावण्याआधी आठ-दहा दिवस तरी गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

परवान्याची वाट सरळ आहे, पण ती वेळ घेते. प्रवासी वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असावा लागतो. त्यानंतर मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्र, डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सार्वजनिक सेवा वाहनाचा बिल्ला या पायऱ्या येतात. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये निघाली, परंतु अपघात किंवा बिघाड झाला की चालकाला स्वतःच्या हाताने अहवाल लिहून द्यावा लागतो आणि त्यातली ढिली वाक्यरचना पुढे चौकशीत आपल्यालाच नडते. त्यामुळे चार ओळी नेमकेपणाने लिहिण्याची सवय ठेवावी. डोळ्यांची तपासणी परवान्यापुरती न करता दरवर्षी करावी, कारण संध्याकाळच्या पावसात समोरच्या दिव्यांचे फुगलेले ठिपके दिसू लागले तरी माणूस ते आपल्याशीच लपवतो.

आता प्रत्यक्ष गाडीविषयी. ट्रक किंवा टेम्पो चालवून आलेल्या मुलांना सगळ्यात जड जाते ते वळण. बारा मीटर लांबीच्या, मागे इंजिन असलेल्या बसमध्ये पुढचे चाक चालकाच्या पाठीमागे असते. त्यामुळे आपण स्वतः कोपरा ओलांडून पुढे गेल्यासारखे वाटेपर्यंत स्टिअरिंग वळवायचे नसते, नाहीतर मागचे चाक पदपथाच्या कडेवर चढते आणि तिथे उभा असलेला माणूस चिरडण्याची भीती असते. त्याच वेळी गाडीची शेपटी विरुद्ध बाजूला बाहेर पडते, आणि तिथे नेमका एखादा दुचाकीस्वार घुसलेला असतो. माझ्या दुसऱ्याच वर्षी परळला स्टॉपवरून बाहेर पडताना मी उजवीकडे जरा जोरात काढली आणि गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याने एका केळीवाल्याची हातगाडी आडवी झाली. माणसाला लागले नाही, पण केळी रस्त्यावर पसरली आणि ती गोळा करताना त्याचे हात थरथरत होते, ते आजही मला दिसतात. चूक पूर्णपणे माझी होती. मी डावा आरसा पाहिलाच नव्हता. त्या दिवसापासून स्टॉप सोडताना आधी डावा, मग उजवा आणि पुन्हा डावा आरसा पाहिल्याशिवाय मी गाडी हलवली नाही.

ब्रेकचे शिक्षण मात्र महिन्यांत नाही, वर्षांत होते. हवेच्या ब्रेकची गाडी सकाळी सुरू केली की हवेचा काटा पुरेसा वर येईपर्यंत जागची हलवायची नाही, हे प्रशिक्षणात शिकवतातच. घाई झालेला नवखा चालक तिथेच चुकतो. रस्त्यावर थांबताना पाय तीन टप्प्यांत चालतो. पहिल्यांदा पेडल नुसते टेकवायचे, म्हणजे उभी माणसे सावरून पाय रोवतात. मग हवा तेवढा दाब द्यायचा. आणि गाडी थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी दाब किंचित सोडायचा, म्हणजे माणसे पुढे जाऊन मागे आदळत नाहीत. हा शेवटचा किंचित सोडण्याचा भाग कोणी शब्दांत शिकवू शकत नाही. अण्णा त्यासाठी आरशात पाहायला सांगत. आतल्या आरशात उभ्या बाईच्या हातातली पिशवी झुलली की आपले चुकले, असे त्यांचे माप होते, आणि मीही पुढे तेच माप वापरले. पावसाळ्यातल्या पहिल्या सरीचा दिवस सर्वांत वाईट असतो, कारण रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. त्या दिवशी वेळापत्रक मागे पडले तरी चालेल, पण अंतर दुप्पट ठेवावे.

थांबण्याइतकेच निघणेही महत्त्वाचे. आमच्या काळी वाहकाची एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे निघ, हा नियम होता, आणि दोन घंट्या ऐकल्यावरही जुना चालक क्षणभर आरशात पाही, कारण मागच्या दाराला दरवाजा नव्हता आणि धावत येऊन दांडीला लटकणारा एखादा असेच. आता दरवाजे आपोआप मिटतात आणि त्यांचे बटण चालकाच्या हाताशी आले आहे. सोय झाली, पण दारात अडकलेला पदर किंवा दप्तर पाहण्याची जबाबदारीही चालकावर आली. नव्या विजेच्या गाड्यांत गिअर नाही, क्लच नाही, इंजिनाची धग नाही. मी शेवटची काही वर्षे त्या चालवल्या आणि माझ्या डाव्या गुडघ्याने त्यांचे फार उपकार मानले. मात्र त्या निघताना झटका देतात, कारण विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून असतो, आणि त्या आवाज करत नसल्यामुळे पाठमोऱ्या पादचाऱ्याला गाडी आल्याचे कळत नाही. मंडईच्या आणि शाळांच्या परिसरात हे लक्षात ठेवावे लागते.

अण्णांचा काळ वेगळा होता. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत त्याचे झाकण चालकाच्या शेजारीच असे आणि उन्हाळ्यात डावा पाय भाजून निघे. त्याच झाकणावर अण्णा आपला डबा फडक्यात बांधून ठेवत. आई पहाटे तीनला उठून भाकऱ्या करी, आणि नऊच्या सुमारास शेवटच्या स्टॉपवर डबा उघडला की भाकरी नुकतीच तव्यावरून उतरल्यासारखी गरम लागे, असे अण्णा तिला मुद्दाम सांगत. डबल डेकर मिळाली की ते खूश असत. वरच्या मजल्यावर वेगळा वाहक असे आणि चालकाला रस्त्याबरोबर झाडांच्या फांद्याही पाठ असाव्या लागत. कुलाब्यापासून माहीमपर्यंतच्या रस्त्यावर कोणते झाड कोणत्या महिन्यात किती खाली झुकते हे त्यांना ठाऊक होते. जुन्या डिझेलवरच्या डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी कायमच्या थांबल्या. अण्णा तेव्हा हयात नव्हते. मी मात्र मुद्दाम जाऊन त्यांतल्या एकीच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीपाशी बसून आलो.

घरच्यांना या कामाची किंमत मोजावी लागते, आणि हे नव्या मुलांनी लग्नाआधीच घरात स्पष्ट बोलावे. पहाटेची पाळी म्हणजे तीनला उठणे, रात्रीची पाळी म्हणजे शेवटची फेरी संपवून, गाडी डेपोत लावून, मिळेल त्या वाहनाने घरी येणे. स्प्लिट ड्यूटी सर्वांत त्रासाची, कारण सकाळची आणि संध्याकाळची गर्दी सांभाळून मधले चार तास घरीही जाता येत नाही आणि झोपही लागत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, अशा मर्यादा होत्या; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली. आज लागू असलेल्या मर्यादा प्रत्येक चालकाने पाठ कराव्यात, कारण झोप अपुरी असलेल्या चालकाच्या पायाला तो नाजूक शेवटचा दाब सोडणे जमत नाही. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आणि गणपतीत आम्ही घरी क्वचितच असू. माझ्या मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी दहा वर्षांत दोनदा गेलो. खंडेनवमीला मात्र तिला डेपोत घेऊन जाई, आणि झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांच्या रांगेत माझी गाडी ती नंबरावरून ओळखे.

२६ जुलै २००५ चा दिवस सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कुर्ल्याच्या अलीकडे लाल बहादूर शास्त्री मार्गावर होतो. दुपारी चारच्या सुमारास दुभाजक दिसेनासा झाला तेव्हा मी गाडी थांबवली. काही प्रवासी पुढे न्या म्हणून ओरडत होते आणि पाणी पायरीपर्यंत आले तेव्हा काही उतरायला निघाले. मी आणि वाहक दाराशी उभे राहिलो आणि हात जोडून सांगितले की खाली गटाराचे झाकण उघडे असेल तर दिसणार नाही, गाडी जड आहे, ती वाहून जाणार नाही. चाळीसएक माणसे रात्रभर थांबली. एका बाईंकडच्या बिस्किटांचे दोन पुडे सगळ्यांत वाटले. सकाळी पाणी ओसरल्यावर आम्ही त्यांना एकेक करून उतरवले आणि नंतर मी चालत डेपोत आलो. अण्णा तिथे सकाळपासून येऊन बसले होते. नवीन चालकाने यातून एवढे घ्यावे : ज्या पाण्याखालचा रस्ता दिसत नाही त्यात गाडी घालायची नाही, वरिष्ठांनी, प्रवाशांनी, कोणीही सांगितले तरी, आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही.

नोकरीची आजची स्थितीही सांगितली पाहिजे. मुंबईत आता मोठ्या संख्येने गाड्या भाडेतत्त्वावर चालतात. गाडी, तिची देखभाल आणि चालक कंत्राटदाराचा, अशी ती रचना आहे. पुतण्या पहिल्यांदा ज्या कंत्राटदाराकडे लागला, त्याने नेमणुकीचा कागदच दिला नव्हता. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगारातून कापली जात होती आणि खात्यात मात्र सात महिने काहीही जमा नव्हते. हे त्याला कळले तेही योगायोगाने. त्याने आणि इतर पोरांनी लेखी तक्रार केली तेव्हा पैसे भरले गेले, पण त्यात त्याचे वर्ष गेले. म्हणून पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागावे, दर महिन्याची पगारपावती जपून ठेवावी, यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा आपला कायमचा क्रमांक, चालू करून मोबाइलवर पासबुक तपासावे, आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, कार्ड मागून घ्यावे. मागायला लाजू नये. जो मालक हे कागद द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे गाडीच्या टायरचीही तीच अवस्था असते, हे मी पाहिले आहे.

अण्णा निवृत्त झाल्यावर एकदा न सांगता माझ्या गाडीत चढले. दादरच्या स्टॉपवर मागच्या गर्दीत त्यांची टोपी मला आरशात दिसली. दोन सीट रिकाम्या होत्या, तरी ते उभेच राहिले आणि वरळीपर्यंत दांडी एका हाताने धरून आले. मी त्या फेरीत घामाघूम झालो. उतरताना त्यांनी काही म्हटले नाही. रात्री जेवताना मात्र प्रभादेवीच्या सिग्नलनंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना क्लच जरा लवकर सोडतोस, असे सांगितले आणि पाटावरच डावा पाय हळूहळू वर उचलून किती वेळ घ्यायचा ते दाखवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीपासून मी तेवढा वेळ घेऊ लागलो.